तलावाकाठची आग

भैय्यालाल गेला त्या दिवसापासून खैरटोलीच्या बायांनी मोहाला एकटीनं जाणं सोडलं. भैय्यालाल शेजारच्या गावचा. सकाळी मोहफुलं वेचायला गेला तो परत आलाच नाही. लोक हाका मारत गेले तेव्हा झाडाखाली त्याची अर्धी भरलेली टोपली होती, आणि पाल्यावरून काहीतरी ओढत नेल्याची वाट. त्या वाटेवर पुढे जायला कोणाचा पाय उचलेना. वाकून बसलेला माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, असं नंतर जंगल खात्याच्या लोकांनी समजावून सांगितलं. त्यानं भीती कमी झाली नाही, उलट वाढली. मोह वेचायचा तर वाकावंच लागतं.

खैरटोली लाखांदूरच्या पुढे, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथं वसलेली. गावाच्या वरच्या अंगाला मालगुजारीच्या काळातला मामा तलाव. तलावाच्या काठानं जांभूळ, अर्जुन, करंज, उंबर असं सगळं मिसळून उगवलेलं दाट रान. तिथून चढ लागला की मात्र एका ओळीत लावलेलं सागवान, थेट डांबरी रस्त्यापर्यंत. मोहाची मोठी झाडं या सागवानातच मधेमधे राखलेली होती. जंगलाची राखण गावाच्या वनहक्क समितीकडे होती आणि समितीची अध्यक्ष होती कुंताबाई.

मार्च लागला की मोहाखालचा पाला जाळायचा, ही तिथली जुनी रीत. जमीन साफ झाली की फुलं दिसतात, साप दिसतो, पाय कुठं पडतो ते दिसतं. ही रीत कुंताबाईनं बंद पाडली होती. तिच्या भावाची मुलगी अंजू नागपूरला राहून झाडं आणि जंगलाची माती यांवर पीएच.डी. करत होती. तिनं एकदा ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की झाड हवेतला कार्बन ओढून खोडात, मुळात साठवतं. पाला कुजला की त्यातला थोडा मातीत उतरतो, आणि तीच माती पाणी धरते. पाला जाळला की तो कार्बन धूर होऊन परत वर जातो आणि खाली उघडी, मेलेली जमीन उरते. कार्बनचं कोणाला फारसं पटलं नाही. पण पावसाळ्यात चढावरची माती धुऊन तलावात येते आणि तलाव दरसाल उथळ होतो, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ठराव झाला. तेव्हापासून मोहाखाली जुनी लुगडी आणि हिरवी जाळी अंथरून फुलं धरायची, पाला जाळायचा नाही.

आता त्याच पाल्यात वाघ लपतो, असं गाव म्हणू लागलं.

हापशीवर पार्वताबाईनं तिला सगळ्यांसमोर धरलं. पार्वताबाईचा मुलगा भुपेंद्र रोज मोहाला जायचा.

"कुंताबाई, घुटण्याएवढा पाला झाला जंगलात. जनावर बाजूले बसलं असलं तरी दिसत नाई. उद्या माह्या भुपेंद्रले काही झालं, तं मी कोणाच्या दारात येऊ? तूच सांग."

वाघाचं नाव कोणी घेत नव्हतं. सगळे जनावरच म्हणत.

कुंताबाईनं आपला पितळी गुंड भरून डोक्यावर घेतला तेव्हा पाणी हिंदकळून खांद्यावर सांडलं. ते सांडणं पार्वताबाईला दिसलं असेल का, हाच विचार ती घरापर्यंत करत राहिली. खरं तर ती स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त भ्यायली होती. मोहाखाली वाकली की पाठ उघडी पडल्यासारखी वाटायची, जणू मानेच्या मागं कोणी श्वास सोडतंय. पण अध्यक्षानंच जाणं सोडलं तर ठराव त्याच दिवशी मेला, हेही तिला कळत होतं. म्हणून ती जात होती.

जेवताना नवरा गोपीचंद म्हणाला, "एकदा जाळून टाका ना तो पाला. एकच बार. साफ जमिनीवर जनावर दुरूनच दिसते."

"गावानं ठरवलं हाय. म्या एकटीनं नाई."

"गाव भेवानं मरून राहिलं. अन् तू रोज जातेस. तू जंगलात असली का माह्या घशाखाली घास जात नाई, समजते का तुले?"

"मंग चला माह्यासंगं."

"मी आलो म्हणून ते खाणार नाई काय?" गोपीचंदनं ताट सरकवलं आणि हात धुवायला उठला.

त्याच आठवड्यात अंजू आली. पाठीवर पिशवी, हातात माती काढायचं लोखंडी गिरमिट. उन्हाळ्याच्या ऐन मध्यावरची माती तिला हवी होती. वळीव पडला की ओलावा बदलतो, मग वर्षभराची तुलना फुकट जाते. सागवानातली एक जागा आणि तलावाकाठच्या मिश्र रानातली एक जागा, एवढंच काम होतं.

कुंताबाईनं वनरक्षक कुलदीपला फोन केला. तो म्हणाला, "पंजे नदीपार गेलेले दिसले. म्हणजे निघून गेलं असं वाटते. पण काकू, दोन-चार दिवस कोणालेच आत जाऊ देऊ नका. मी तशी दवंडी देऊन राहिलो."

ते ऐकून अंजू म्हणाली, "आत्या, नदीपार गेलं ना? मंग मी सकाळी जाऊन दुपारच्या आत येते. तू नको येऊ."

"एकटी जाशील?"

"काम तं करावंच लागन."

कुंताबाईला राग आला, आणि रागाखाली तीच भीती. भावाची मुलगी आपल्या भरवशावर इथं आलेली. तिला काही झालं तर माहेरचं दार कायमचं बंद. आणि नाही म्हणावं, तर माती सांभाळा म्हणून गावाला सांगणारी कुंताबाई स्वतः वेळ आली की मागं सरते, असं झालं असतं.

"मी बी येते," ती म्हणाली. "पण घरी सांगू नको. तुह्ये मामाजी दारात आडवे पडतीन."

सकाळी तिनं गोपीचंदला सांगितलं की अंजूला घेऊन एसटीनं लाखांदूरला जाते, बँकेत काम आहे. गोपीचंदला बरं वाटलेलं दिसलं. "जा, जा," तो म्हणाला, "आज जंगलात पाय नको ठेवू." दोघी बसथांब्याच्या रस्त्यानं निघाल्या, घरं मागं पडल्यावर पांदणीच्या कच्च्या वाटेनं वळल्या आणि सागवानात शिरल्या.

सागाचं पान पायाखाली पापडासारखं मोडतं. दर पावलाला आवाज. चार पावलं चालून थांबलं की तो आवाज आणखी थोडा वेळ कानात चालत राहायचा, आणि कुंताबाईला वाटायचं, आपण थांबलो तरी कोणीतरी चालतंय. ती सारखी मागं पाहत होती. सागाची खोडं सगळी सारखी, करडी, सरळ. प्रत्येक दोन खोडांमधली सावली पट्ट्यापट्ट्यांची. त्या पट्ट्यांकडे पाहायचं नाही असं तिनं ठरवलं आणि पाहत राहिली.

अंजूनं सागवानातल्या जागेवर पाला बाजूला केला आणि गिरमिट रोवलं. ते वीतभरही आत जाईना. दोघींनी मिळून जोर लावला तेव्हा फिकट, कोरडी, खड्यांची माती वर आली. अंजूनं ती बोटांवर घासून पाहिली आणि कापडी पिशवीत भरली.

"इतके वर्षं जळत आली ना ही जमीन," ती म्हणाली, "अजून सावरली नाई. पाल्याचा थर आत्ता कुठं सडायले लागला."

"हळू बोल."

"आत्या, ते नदीपार गेलं."

"हळू बोल म्हणते ना."

तेवढ्यात वानर खाकरलं. वरच्या अंगाला, रस्त्याच्या बाजूनं कुठंतरी. एकदा, मग पुन्हा, मग झाडाझाडांवरून सगळी टोळीच ओरडायला लागली. वानर असं ओरडतं ते उगीच नाही, हे जंगलाशेजारी वाढलेल्या लेकरालाही कळतं. तिनं अंजूचं मनगट धरलं. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

पाला वाजला. मोठ्यानं, जवळ.

कुंताबाईनं डोळे मिटून घेतले होते, तिला नंतर त्याची लाज वाटली. उघडले तेव्हा एक ससा त्यांच्या पायाजवळून गेला, माणसं उभी आहेत हे न पाहता. मागून दोन लांडोरी धावत आल्या, उडणं विसरल्यासारख्या. मग रानडुकरीण, पिलांसकट, सरळ त्यांच्या अंगावरून गेल्यासारखी. एकानंही वळून पाहिलं नाही. सगळी उताराकडे, तलावाकडे चालली होती.

"मागं लागलं यायच्या," कुंताबाई कुजबुजली. "जनावर येऊन राहिलं. हालू नको. पळाली तं संपली."

अंजू नाक वर करून वास घेत होती. तिचा चेहरा उतरला.

"आत्या, जनावर नाई. आग हाय."

आणि मग कुंताबाईलाही ऐकू आलं. वानरांच्या ओरडण्यामागं एक सलग आवाज होता, पत्र्यावर पाऊस पडावा तसा. वरच्या बाजूला खोडांमधून पांढरा धूर जमिनीलगत सरपटत येत होता, आणि त्याच्या आत कमरेएवढी नारिंगी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"रस्त्याकडे चल!" कुंताबाई ओरडली. "वर! रस्ता लागला का वाचलो!"

"अवं, आग वरूनच येऊन राहिली! वारा पाह्य ना!"

"मंग बाजूनं! गावाकडे!"

"तिकडे बी साराच साग हाय, हाच पाला. आपल्यापेक्षा जोरात पळते ती. खाली चल, तलावाकडे."

कुंताबाई जागची हलेना. "तिथंच तं जनावर पाणी पेते, अंजू! समदे तिकडेच पळाले, ते बी तिकडेच असन!"

हे म्हणताना तिला स्वतःचंच बोलणं ऐकून थरकाप सुटला. एका बाजूनं आग, दुसऱ्या बाजूला दाट झाडी, आणि झाडीत काय बसलंय ते माहीत नाही. अंजूनं गिरमिट टाकलं, पिशवी टाकली, आत्याच्या दंडाला धरून तिला गदगदा हलवलं.

"मी मागच्या साली तिथली माती काढली. उन्हाळ्यात बी हाताले चिकटत होती. तिथं आग चालणार नाई. इथं नक्की जळू. चल!"

त्या पळाल्या. उतार होता, पाला घसरत होता. कुंताबाई एकदा पडली, उठली, पुन्हा पडली. मागचा आवाज आता पावसासारखा राहिला नव्हता. फटफट, कडकड, मधेच एखादं वाळलेलं खोड फुटल्याचा बार. उष्णता पाठीला लागत होती. धूर त्यांच्या पुढे गेला आणि समोरचं दिसेनासं झालं. पेटलेलं एक सागाचं पान वरून तरंगत आलं आणि पुढे जाऊन पडलं, आणि ते पडलं तिथं लगेच जाळ उठला. तो ओलांडताना कुंताबाईची चप्पल पायातून गेली आणि उघडा तळवा निखाऱ्यावर पडला. ती ओरडली की नाही, तिला आठवत नाही. लुगड्याचा काठ पेटला होता. अंजूनं तो हातांनीच मारून विझवला.

मग अचानक पायाखालचा आवाज बदलला. पानं मोडायची थांबली. जमीन मऊ झाली, गार झाली. डोक्यावर सावली आली. त्या जांभळाच्या रानात शिरल्या होत्या.

"पाला काढ!" अंजू म्हणाली. "आपल्या भवती सारा पाला काढून फेक!"

दोघी गुडघ्यांवर बसून हातांनी पाला ओढू लागल्या. वरचा थर सुकलेला होता, पण त्याच्या खालची पानं ओली, काळी, एकमेकांना चिकटलेली. त्यांच्या खाली बुरशीचे पांढरे धागे, आणि त्याखाली माती. कुंताबाईची बोटं त्यात सहज रुतत गेली. थोडी जागा उघडी झाली तशा दोघी तिथं पालथ्या पडल्या. अंजूनं ओढणीचे दोन भाग केले, बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांवर ओतलं आणि एक आत्याच्या तोंडावर दिला.

"तोंड मातीपाशी ठेव. धूर वर राहते."

कुंताबाईनं गाल मातीला टेकवला आणि मान वळवून आगीकडे पाहिलं. सागवान संपतं तिथं जाळ कमरेएवढा उभा होता. आता आत येतो, असं वाटून तिनं अंजूच्या पाठीवर हात टाकला. जाळ सावलीत शिरला आणि बसला. वीतभर झाला. मग पानापानाखाली चाचपडत, धुमसत, बोटभर उंचीनं पुढे सरकू लागला. कुठं ओल्या थरापाशी विझला, कुठं वाळलेल्या फांदीला धरून पुन्हा उठला. जांभळाची खालची पानं करपून गोळा होत होती. एका उंबराच्या पोकळ बुंध्यात आग शिरली आणि आतून धूर भकभक बाहेर पडू लागला. एक फाटा त्यांच्याकडे वळला. अंजू उठून हिरव्या डहाळीनं तो झोडपू लागली, खोकत, रडत, झोडपत. कुंताबाईही रांगत पुढे झाली आणि ओली माती ओंजळीनं त्यावर टाकत राहिली.

तेव्हाच तिला मागं आवाज आला. तलावाच्या बाजूनं. काहीतरी जड पाण्यात उतरल्याचा. उडी नव्हती ती. सावकाश, एकेक पाय टाकत, चिखलातून पाय उपसत. मग एक लांब श्वास, नाकातून सोडलेला.

तिनं वळून पाहिलं नाही. धुरात दिसलंही नसतं. अंजू खोकत होती, तिनं ऐकलं नव्हतं. कुंताबाईनं ठरवलं, हिला सांगायचं नाही. सांगितलं तर ही पळेल, आणि पळायला जागाच नव्हती. ती ओंजळीनं माती टाकत राहिली. पाठ उघडी होती. मोहाखाली वाकल्यावर रोज जे वाटायचं तेच आता खरं होतं, आणि तरीही तिला वाकूनच राहायचं होतं. ती मनात देवाचं नाव घेऊ पाहत होती, ते येत नव्हतं. फक्त "माय, माय" एवढंच ओठांवर येत होतं.

आग किती वेळ राहिली कोण जाणे. हळूहळू कडकड लांब गेली, गावाच्या बाजूच्या खडकाळ टेकाडाकडे. त्यांच्या भोवती नुसता धूर राहिला. मग तोही विरळ झाला आणि तलावाचं पाणी दिसायला लागलं. पाणी रिकामं होतं.

अंजू काठाशी गेली, तोंड धुवायला. आणि तिथंच उभी राहिली.

"आत्या," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

चिखलात पंजे उमटले होते. त्या दोघी पालथ्या पडल्या होत्या तिथून कुजबुजही पोचावी इतक्या जवळ. शेवटच्या पंज्यात अजून पाणी भरत होतं, कडेनं बुडबुडे येत होते. पंजे पाण्याच्या कडेनं पुढे गेले होते, सांडव्याकडे. नदीपार काही गेलेलं नव्हतं.

"मले माहीत होतं," कुंताबाई म्हणाली. "चल आता. पळू नको. मागं पाहू नको."

गावाकडची काठाची वाट सांडव्यावरून जायची, म्हणून परत जायला एकच वाट उरली होती, जळालेल्या सागवानातून वर. अंजूनं ओढणीचा तुकडा तिच्या भाजलेल्या पायाला गुंडाळला. जमीन अजून गरम होती, वर करड्या राखेचा थर. दोघी चालत होत्या आणि पावलांचा आवाजच येत नव्हता. येताना हाच पाला किती वाजत होता. कुंताबाईला कळलं की आता त्यांचा आवाज येत नाही, तसाच दुसऱ्या कोणाचाही येणार नाही. मागं कोणी चालत असलं तरी कळणार नाही. जळकी खोडं स्वच्छ, दूरवर दिसत होती, जनावर दुरूनच दिसेल असं गोपीचंद म्हणायचा तशी. त्या मोकळ्या दिसण्यात तिला सकाळपेक्षाही जास्त भीती वाटली. रस्ता येईपर्यंत ती अंजूचा हात इतका घट्ट धरून चालली की पोरीच्या मनगटावर नखं उमटली.

रस्त्यावर माणसं जमली होती. कोणी डहाळ्या घेऊन, कोणी नुसतीच उभी. कुलदीप फोनवर ओरडत होता. गोपीचंद सगळ्यांच्या मागं, पुलाच्या कठड्यावर बसला होता. धुरातून दोन काळ्या बाया बाहेर आल्या तेव्हा आधी कोणी ओळखलंच नाही. पार्वताबाईनं ओळखलं आणि किंचाळली.

गोपीचंद उठला. दोन पावलं आला आणि थांबला. त्याच्या उजव्या हातावरचे केस जळलेले होते.

"तुमी लावली?" कुंताबाईनं विचारलं.

"तू लाखांदूरले गेली होती ना?" तो म्हणाला. "तू तं लाखांदूरले गेली होती. मी बस पाहिली. बसमधी गेली होती ना तू?"

तो तेच तेच म्हणत राहिला आणि म्हणता म्हणता रस्त्यावरच खाली बसला. त्यानं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मोठ्यानं रडायला लागला, लहान मूल रडतं तसा. कुंताबाईला त्याच्या कानाखाली मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्याचं डोकं पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्हीपैकी काहीच तिच्या हातून झालं नाही. ती त्याच्या शेजारी रस्त्यावर टेकली. आता पाय दुखू लागला होता.

कुलदीप जवळ आला. "कोणी लावली, काकू? मले वर कळवावं लागन."

सगळे गप्प होते. बऱ्याच जणांना आगच हवी होती, हे त्या गप्पपणात कळत होतं. ती अपघात म्हणाली असती तर सगळ्यांनी मान डोलावली असती.

"माह्या घरच्यानं लावली," कुंताबाई म्हणाली. "अन् मी त्यायले खोटं सांगून आत गेली. जंगल रिकामं हाय असं वाटलं त्यायले. ते बी लिहून घे."

गोपीचंदनं मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, मग कुलदीपकडे. "हाव," तो म्हणाला. "मीच."

वनगुन्हा दाखल झाला. गोपीचंदला लाखांदूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. कुंताबाईचा पाय भरायला पावसाळा लागला, आणि अंगठ्याजवळची कातडी कायमची पांढरी राहिली. ग्रामसभेत तिनं अध्यक्षपद सोडते म्हणून सांगितलं, पण दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. पार्वताबाईच म्हणाली, "बस तिथं. पळू नको आता." मग बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं ते असं: पाला जाळायचा नाही. पण मोहाच्या बुंध्याभोवतीची जागा झाडून पाला दूर ढिगात लोटायचा, म्हणजे बसलेल्या माणसाला चारी बाजूंनी दिसेल. जायचं ते सूर्य वर आल्यावर, सगळ्यांनी मिळून. काही जण वेचतील, काही जण नुसते उभे राहून पाहतील. सगळ्यांना ते पसंत होतं असं नाही. भुपेंद्रनं मोहाला जाणंच सोडलं आणि वरठीच्या कारखान्यात कामाला लागला.

पाऊस सुरू झाल्यावर अंजू पुन्हा आली. जळालेल्या चढावरून राख आणि माती एकत्र वाहून तलाव चहासारखा झाला होता. जांभळाच्या रानातून झिरपणारं पाणी मात्र स्वच्छ येत होतं, वेगळी धार दिसत होती. अंजूनं सागवानातल्या जागेवर नवं गिरमिट रोवलं आणि वर आलेली माती बोटांवर घासून पाहिली.

"पाल्याचा जो थर बसायले लागला होता, तो गेला," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून."

"किती साल लागतीन?"

"सांगता येत नाई, आत्या. नुसता साग राहिला तं बहुत. मधामधात दुसरी झाडं लावली, जांभूळ, करंज, ऐन, तं कदाचित लवकर."

"आपल्या डोळ्यादेखत?"

अंजू हसली नाही. "तुह्या नाई," ती म्हणाली. "माह्या बी नाई बहुतेक."

गावानं त्याच पावसात रोपं लावायला घेतली. खड्डे खणायला गोपीचंद रोज जायचा. कोणी सांगितलं नव्हतं. वाघ होताच. सांडव्यापाशी पंजे दिसत, एकदा पार्वताबाईची कालवड गेली. कुंताबाईची भीती गेली नाही. तिला आता झोपेतही चिखलातून पाय उपसल्याचा तो आवाज ऐकू यायचा, आणि ती अंथरुणावर उठून बसायची.

तरी ती जात राहिली. गोपीचंद आता पुढे चालायचा, खांद्यावर खड्डे खणायची सब्बल घेऊन, आणि वाटभर मोठमोठ्यानं बोलायचा. धानाची रोवणी, एसटीचा उशीर, कोणाच्या तरी घरचं लग्न, काहीही. बोलणं ऐकून जनावर बाजूला होतं, असं कुलदीपनं सांगितलं होतं. विषय संपला की तो घाबरायचा आणि तेच पुन्हा सुरू करायचा. कुंताबाई मागून हाव, हाव म्हणत चालायची. मधेच कधी ती त्याच्या पाठीवर हात ठेवायची; तो गप्प व्हायचा. दोघं थांबून ऐकायचे. पानावरून पाणी गळत असायचं, दुसरं काही नाही. मग ती म्हणायची, "बोला," आणि ते पुढे निघायचे.